कोरांटी, सर्रास आढळणारी

दिवाळी उलटली की हुबळीच्या हवेत कोरडेपणा येतो आणि दुर्गदबैलाच्या बाजारात फुलं विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत शेवंतीच्या ढिगाआड कोपऱ्यात कोरांटी दिसायला लागते. पिवळी, निळी, क्वचित गुलाबी. शेवंतीसारखा तिचा तोरा नाही, आबोलीसारखे लाड नाहीत. मागणारं गिऱ्हाईक ठरावीक असतं आणि दुपारपर्यंत ती कोमेजून जाते. हातगाड्या आणि ऑटो चुकवत मी त्या रांगेसमोरून चालतो तेव्हा एखादी हमखास विचारते, "गोरंटी बेकेन्री सर?" हवी का, असं. मी मान हलवून पुढं सटकतो. बावीस वर्षं झाली, दर वर्षी या दिवसांत मी असाच सटकतो आहे. त्या बायकांना वाटत असेल, मास्तर चिकट आहे.

खरं तर या झुडपाशी माझी ओळख या शहरातल्या कुणाहीपेक्षा जवळची. धारवाडला एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी मला प्रबंधाला विषय दिला होता: जिल्ह्यातल्या कोरांट्या आणि त्यांचं वर्गीकरण. कोरांटी ही एक प्रजाती नव्हे, अख्खं कुळच आहे म्हणा ना. शास्त्रात त्या घराण्याला बार्लेरिया म्हणतात. पिवळी काटेवाली ही त्यातली एक, निळी बिनकाट्याची दुसरी, कुंपणाला लावतात ती तिसरी. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच. पण फुलाच्या बुडाशी निदलाच्या चार पाकळ्या बघा, दोन मोठ्या बाहेर आणि दोन बारक्या आत, मोठ्यांच्या आड लपलेल्या. पान सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, चुन्याच्या बारीक काड्या दिसतात, दोन-दोन जोडीनं. हे दिसलं की समजायचं, पाव्हणा घरातलाच. मग कोण कुणाचा, ते काटे, केस आणि बोंडं बघून ठरवायचं.

मला हे फार आवडायचं. आम्ही बौद्ध. अप्पा धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात कामाला होते, घर दोन खोल्यांचं, आणि भिंतीवर कुठल्या तसबिरी होत्या त्यावरून येणारा-जाणारा आमचं सगळं काही ओळखून मोकळा व्हायचा. इथं मात्र झाडाला कुणाच्या परसात उगवलास म्हणून कुणी विचारत नव्हतं. त्याच्या अंगावरच्या खुणा मोजायच्या आणि त्याची जागा त्याला द्यायची. काटे आहेत? दोन नंबरच्या प्रश्नाला जा. नाहीत? पाच नंबरला जा. अशी प्रश्नांची जोडी-जोडीनं उतरंड मी रचत होतो आणि वाटत होतं, जगात न्याय असला तर तो असाच, क्रमांक घातलेला असणार.

घरभर तेव्हा कोरांटीचा पसारा. वर्तमानपत्रांत दाबलेल्या फांद्या, टीपकागदांचे गठ्ठे, वर अप्पांनी कारखान्यातून आणून दिलेली दोन लाकडी फळकुटं आणि पट्टे. एकदा आईला मी गंमत दाखवली. पिकलेलं बोंड बशीतल्या पाण्याच्या थेंबावर ठेवलं. क्षणभर काही नाही, मग टक् असा आवाज आणि बी उडून थेट तांदळाच्या डब्यावर. आई केवढ्यानं दचकली. "अगं बाई, हे झाड थुंकतंय की!" मग तीच शेजारणींना बोलावून बोंडं फोडून दाखवायला लागली. ओलं झालं की त्या बीवरचे केस फुगून बुळबुळीत होतात आणि बी मातीला चिकटून बसतं. काही कोरांट्यांच्या बोंडाला चोच असते आणि आत दोन बिया. काहींचं बोंड चातीसारखं, दोन्हीकडं निमुळतं, आणि आत चार. वर्गीकरणाची मोठी फाटाफूट इथंच होते.

ताराक्का मला भेटली ती त्याच हंगामात, अळणावरच्या पुढच्या एका गावात. भातं पिवळी पडली होती. मी बांधावर गुडघे टेकून गवतात डोकं घातलेलं, आणि मागून आवाज आला, "काय करालास रे हितं? काय सांडलंय तुझं?"

वळून बघितलं तर चाळीस-पंचेचाळिशीची बाई, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा.

"कोरांटी शोधतोय, अक्का."

"कोरांटी? ती शोधाय एवढ्या लांबनं आलास?" ती एवढी हसली की भारा सावरावा लागला. "आमची शेळी पण खाईत न्हाई ती. चल, दावतो तुला एक."

तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच 'दावतो, येतो' बोलतात. मी तिच्या मागं गेलो. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला एक जुनं वारूळ होतं आणि त्याच्या पायथ्याशी ती कोरांटी उभी होती. पांढरीशुभ्र, घशात जांभळ्या रेघा, अंगावर एकही काटा नाही. मी लगेच खाली बसलो. बोंड फोडलं तर चोच, आणि बिया दोन. बिनकाट्याच्या घरात चार बिया हव्यात. माझ्या उतरंडीत हिला जागाच नव्हती. ज्यानं आयुष्यात कधी अशी वस्तू शोधली नसेल त्याला त्या क्षणाची चव सांगता येणार नाही.

"दुसरीकडं कुठं हाय का अशी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"न्हाई रे. हितंच तेवढी. रास पुजाय लागतंय की आमाला." मळणी झाली, खळ्यावर भाताची रास लागली की तिच्यावर पहिलं फूल त्या पांढऱ्या कोरांटीचं ठेवायचं, ही त्या गावची रीत. ते ठेवायचं काम ताराक्काचं, कारण झाडं तिच्या बांधावर होती. वारुळाभोवतालचं गवतही तीच काढायची. "हिला कुणी पाणी घालीत न्हाई, खत घालीत न्हाई," ती म्हणाली, "तरी दर साल येतंय बघ. लई गुणाची."

मी मोजली. अकरा झुडपं होती.

आमच्या सरांचा एक नियम होता. वीसपेक्षा कमी झाडं असतील तर फक्त फांदी तोडायची, मूळ उपटायचं नाही. दर वर्षी पहिल्या तासाला ते हे सांगायचे आणि आम्ही वहीत लिहून घ्यायचो. पण नव्या झाडाचा नमुना मुळासकट असला की त्याचं वजन वेगळंच. मी ताराक्काला विचारलं, "दोन-चार उपटून नेऊ का?" ती म्हणाली, "ने की. झाडच हाय, परत येतंय." मी चार उपटली. तिनं हो म्हटलं होतं, अशी मनाची समजूत मी पुढं बरीच वर्षं घातली.

ती चार वाया गेली. दाबलेल्या नमुन्यांचे टीपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पानं काळी पडतात, बुरशी धरते. आणि मी तीन दिवस कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये होतो. नाटकात दरबाराच्या दाराशी भाला धरून उभा राहायचं काम होतं माझं, संवाद एकही नाही. चौथ्या दिवशी पट्टे सोडले तर आत काळा चोथा. कुबट वास घरभर सुटला. आई म्हणाली, "जाऊ दे रे, दुसरी आण." ती सहज बोलली होती.

आठ दिवसांत प्रबंध द्यायचा होता. मी परत गेलो. या वेळी गावातून गेलो नाही, वरच्या अंगानं झाडीतून उतरलो. ऐन दुपार होती. खालून खळ्यावरून बायकांचा गलका ऐकू येत होता आणि त्यात ताराक्काचं हसणंही. सात उरली होती. चांगले जोडनमुने, म्हणजे जास्तीच्या प्रती, हवेत म्हणून फुलावरची पाच उपटली. वारुळाची माती मऊ, झाडं हाताबरोबर सहज येत होती. राहिलेली दोन लहान रोपं होती. 'रोपावस्थेतील पाने' असा एक परिच्छेद प्रबंधात चांगला दिसेल, असं वाटलं. तीही घेतली. मग पायानं खड्डे बुजवले. हे पायानं बुजवणं मला सगळ्यात जास्त आठवतं, कारण चुकून खड्डे कुणी बुजवत नाही. बोंडं होती तीही सगळी काढली. त्यातलं एखादं तिथंच ओलं करून फोडलं असतं तरी चाललं असतं, पण बियांची मापं घ्यायची होती मला. सगळ्या बिया मी चिरल्या.

या वेळी टीपकागद दिवसातून दोनदा बदलले. सुंदर वाळली. सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांचा आवाज कापरा झाला. "एष्टु गिडा इद्दवप्पा?" किती झाडं होती, बाबा?

"भाळ अदावरी सर," मी म्हणालो. पुष्कळ आहेत.

आणि लेबलावर, ठिकाण आणि तारीख यांच्या खाली, जिथं झाड किती प्रमाणात आढळतं ते लिहायचं असतं, तिथं माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं: 'कॉमन'. सर्रास आढळते.

त्या प्रबंधावर मला गुण मिळाले, शाबासकी मिळाली आणि पुढं हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉलेजात नोकरीही. मुलाखतीत त्या पांढऱ्या कोरांटीबद्दलच विचारलं होतं. सर त्या जागी जायचं जायचं म्हणत होते. मी दर वेळी काहीतरी कारण काढायचो, रस्ता खराब आहे, फुलं संपली असतील. ते निवृत्त झाले, मग गुडघे गेले, मग तेही गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत मला रडू आलं तेव्हा सोबतच्यांना वाटलं, केवढी ही गुरुभक्ती. मला मात्र आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची शरम आजही वाटते. पहिली दोन-तीन वर्षं मनात यायचं, गुपचूप जाऊन बघावं, एखादं मूळ तुटून राहिलं असेल, फुटलं असेल. गेलो नाही. न जाण्यात एक सोय होती. जोवर बघितलं नाही तोवर ती तिथं असू शकत होती.

यंदा कार्तिकात विद्या आली. बेळगावची मुलगी, धारवाडला पीएच.डी. करते, विषय पुन्हा कोरांट्याच. आता यांच्याकडं झाडाचा डीएनए काढून घराणी लावतात. माझ्या उतरंडीची तिनं फार स्तुती केली. मग खुर्चीत जरा पुढं सरकली.

"सर, एक विचारू? रागावू नका. तुमच्या लेबलावर त्या पांढरीला कॉमन लिहिलंय. मी चार वेळा जाऊन आले. वारूळ सापडलं. कोरांटी एकपण नाही. मी काहीतरी चुकतेय, मला ओळखता येत नाहीये. गाईडसुद्धा म्हणतात, सर्रास असणारं झाड तुला दिसत नाही तर तू बघितलंच काय?"

ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. आणि मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. हवामान बदललं, जंगल तुटलं, गुरं वाढली. हल्ली या कारणांवर कुणी शंकाही घेत नाही. ती तिन्ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "ती अकराच होती. अकराही मी उपटली."

मग ताराक्का, वारूळ, ती दुपार, सगळं तिला सांगितलं. तिनं वही मिटली, परत उघडली. "मग मी काय लिहू, सर?"

"हेच लिही. माझ्या नावासकट."

तिनं मला एका दुपारी धारवाडला, विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात नेलं. कपाट उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा तोच वास आला. माझी कोरांटी निघाली. बावीस वर्षांनीही पाकळीतल्या रेघा दिसत होत्या, फिकट तपकिरी. मुळं कशी छान पसरून चिकटवली होती मी. वनस्पतिसंग्रहात जुनं लेबल कधी खोडायचं नाही, काढायचं नाही. कितीही चुकीचं असलं तरी ते तसंच ठेवायचं आणि शेजारी नवी चिठ्ठी डकवायची, खाली नाव आणि तारीख. मी चिठ्ठीवर लिहिलं, संख्या अकरा, सर्व संग्राहकाने उपटली, लेबलावरील नोंद खोटी. अक्षर वाचता येण्यासारखं आलं. बाहेर पडताना वाटलं, झालं, सुटलो. माणूस किती लवकर स्वतःला माफ करायला बघतो.

विद्या जिना उतरताना म्हणाली, "त्या अक्कांना सांगितलंत का?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. अळणावरला उतरून रिक्षा केली. रस्ता आता डांबरी आहे. भातं कापून पडली होती, खळी सारवलेली होती. ताराक्का कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस सगळे पांढरे, पण मान तशीच ताठ. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "कोरांटीवाला न्हवं तू?"

मला वाटलं होतं ती मला विसरली असेल. खरं सांगायचं तर तशी आशा होती.

तिनं विद्याला आपल्या शेजारी जागा करून दिली. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "ती गेली रे सगळी. तू नेलास त्याच साली. आमच्याच हातानं."

"तुमच्या हातानं?"

"तू चार नेलीस तवा वाटलं, जागा उघडी पडली, मुंग्या लागतील. म्हणून चुलीतली राख नेऊन घातलो मी बुडात. निवली हाय म्हणून घातलो, पण आत निखारा ऱ्हायला असंल. आठ दिवसांनी रास पुजाय फूल आणाय गेलो, तर एक झाड न्हाई. काडी पण न्हाई. जळून गेली बघ." ती विद्याकडं वळली. "तवापासनं मी मातीत काय लावीत न्हाई. लावणीला सगळ्या बायका चिखलात उतरत्यात, मी बांधावर बसून रोपाच्या पेंड्या देतो. हाताला गुण न्हाई माझ्या. सुनेला मिरचीचं रोप लावायचं असलं तरी म्हणतो, तूच लाव बाई."

हे सगळं ती सरळ आवाजात सांगत होती, कधीच ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं. हातानं शेंगा फोडणं चालूच होतं. बावीस लावण्या. भाताच्या गावात, भाताच्या घरात, बांधावर बसून.

मी कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. दुपारी आलो, वरच्या अंगानं आलो, तुमचं हसणं ऐकलं, उपटली.

ताराक्काचे हात थांबले. "सगळी?"

"सगळी."

"मुळासकट?"

"मुळासकट. खड्डे पण बुजवले."

"राख?"

"राखेनं काही झालं नव्हतं, अक्का. थोडी राख बुडात होती, मी बघितली होती. गार होती. झाडं हिरवीगार होती."

आता ती शिव्या देईल असं वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. मी वाकून तिचे पाय धरायला गेलो तर तिनं पाय मागं घेतले. उठली, ओच्यातली टरफलं झटकली आणि आत बघून हाक मारली, "सावित्री, भाईर ये." सून पिठाच्या हातानं बाहेर आली. "सांग हिला," ताराक्का मला म्हणाली. मी सांगितलं. मग खळ्यावरून दोघी बायका चालल्या होत्या, त्यांना तिनं हात करून बोलावलं. "ह्यास्नी सांग." मी सांगितलं. एकीनं विचारलं, "मग ताराक्काची राख?" मी तेही सांगितलं. प्रत्येक वेळी वाटत होतं आता शब्द थोडे हलके होतील, आणि होत नव्हते.

मग ती मला पुढं घालून शेजारच्या घरात घेऊन गेली. ओसरीवर एक थकलेली बाई गोधडीवर बसली होती.

"ही माझी जाऊ. माझ्या हाताला गुण न्हाई म्हणून गावभर हिनंच सांगितलं. सांग हिला."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "ती पांढरी कोरांटी मी उपटली होती. ताराक्काचा काही दोष नव्हता."

म्हातारीनं कानामागं हात धरला.

"तिला ऐकू येत न्हाई," ताराक्का माझ्या मागून म्हणाली. तिचा आवाज आता फुटला होता. "मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं.